बांधेल त्यानेच सोडायची

४ मार्च

चि. धाकटीस,

आधी कानाचं बोलू, आशीर्वाद मागाहून. भाऊजींच्या कानाचा जो तुकडा आमच्याकडे राहिला होता, तो आज झाडताना लेथखाली सापडला. लोखंडाच्या किसात माखलेला. धुऊन परत पाठवावा असं एकदा मनात आलं, पण आता तू काय शिवणार आणि तो काय चिकटणार! मागच्या अंगणात पुरला.

आमच्या ह्यांची तीन बोटं मोडली आहेत. दवाखान्यात सांगितलं, जॅक निसटला. डॉक्टर म्हणाले, "बोटांचं कळलं, पण तोंडाला रक्त कसलं?" मी म्हटलं, जीभ चावली. असलं खोटं बोलायला मी आता चांगलीच तयार झाले आहे.

भाऊजींनी तुला काय सांगितलं असेल ते असो. मी पाहिलं ते असं. ते पेट्रोलची पिंपं न्यायला विमान घेऊन खाली आले आणि गॅरेजमध्ये शिरले. दुकानात दोन गिऱ्हाइकं तंबू बघत होती. हे पायपंपाने ट्रकच्या चाकात हवा भरत होते, घामाने निथळत. भाऊजी हसून म्हणाले, "दादा, कोपऱ्यात एवढा मोठा कंप्रेसर बसलाय की!" झालं. ह्यांनी व्हीलपाना उचलला. भाऊजींनी तो हिसकावून ह्यांच्याच बोटांवर घातला. मग ह्यांनी कान धरला, तोही दातांनी. गिऱ्हाइकं तंबूत शिरून बसली. शेवटी मी दोघांवर बादलीभर पाणी ओतलं, कुत्री सोडवतात तसं.

मामंजी गेले तेव्हा तू लग्न होऊन यायची होतीस, म्हणून मुळापासून सांगते. या घरात एक नियम आहे. जे यंत्र सुरू करायचं नाही त्याला लाल चिंधी बांधायची, आणि बांधेल त्यानेच सोडायची. त्या नियमाला कुणी हसत नाही, कारण त्याच्यामागे एका मिस्त्रीचा हात गेलेला आहे. दुसऱ्याच कुणी चिंधी सोडली, पंखा फिरला, आणि कोपरापासूनचा हात धावपट्टीवर जाऊन पडला. तो मामंजींनी उचलून आणला होता.

मामंजी गेले तेव्हा त्यांच्या दोन चिंध्या मागे राहिल्या. एक विमानाच्या पंख्याला, एक कंप्रेसरच्या स्विचला. का बांधल्या ते कुणाला सांगून गेले नाहीत. हे म्हणाले, बांधणारा गेला, आता त्या कुणीच सोडायच्या नाहीत. भाऊजींनी विमान उलटंसुलटं तपासलं, म्हणाले यात काडीचा बिघाड नाही, चिंधी सोडली आणि उडून गेले. आमचा कंप्रेसर मात्र तेव्हापासून तसाच धूळ खात आहे आणि अख्खं गॅरेज पायपंपावर चालतं. ह्यांच्या लेखी भाऊजी बापाच्या चितेवर पाय देऊन गेले.

तू तुझ्या बैलाला वेसण घाल, मी माझ्या घालते. लोक म्हणतात जावाजावांत उभा दावा. आपण त्यांना खोटं पाडू.

तुझी जाऊ


१२ मार्च

सौ. जाऊबाईंस सप्रेम नमस्कार.

पुरलात ते बरं केलंत. उरलेला कान मीच शिवला, तंबू शिवायच्या सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने. हे विमानाचा पट्टा दातात धरून बसले होते. जखम पिकली नाही. म्हणजे मोठे भाऊजी दात घासतात एवढं तरी सिद्ध झालं!

तुम्ही इथे कधी आला नाहीत, म्हणून सांगते. आमच्याकडे आहे काय, तर एक पत्र्याची खोली, पिंपांची रांग, वाऱ्याची दिशा दाखवणारं ते कापडी धोतर आणि चहूकडे सपाट माळ. गिर्यारोहक येतात, मोजणीवाले येतात, हे त्यांना पलीकडच्या दऱ्यांत उतरवून येतात. ट्रकने यायचं तर तीन दिवसांची एकच वाट, आणि त्या वाटेवर काही हललं की अर्धा दिवस आधी धुरळा दिसतो. बोलायला माणूस म्हणजे दर गुरुवारी टपालाचं विमान आणणारे काका. ते चहा पितात, मी पत्र पुरं करते.

ह्यांची बाजूही ऐका. हे म्हणतात, बाबांनी विमान उडवायला शिकवलं ते चिंधी बांधून ठेवायला नाही. पण खोटं कशाला बोलू, ते सध्या बर्फाची कुऱ्हाड घासत बसतात. बर्फावर जायचा हंगाम संपलाय. मी विचारलं तर म्हणाले, "पुढच्या वेळी कान नाही, मुंडकं." बोलतात झालं. गर्जेल तो पडेल काय?

तुमच्या बोटवाल्यांना जपा.

धाकटी


२५ मार्च

धाकटे,

पैलवान गेला.

तू त्याला पाहिलं होतंस, तुमच्या लग्नात ज्याने एकट्याने जेवणाचं पातेलं उचललं होतं तो आमचा ड्रायव्हर. मंगळवारी हे आणि तो ट्रक घेऊन नदीकडच्या घाटात होते. ट्रकवर पिंपं, चाकं, दोराची बंडलं, नेहमीचं सामान. वळणावर एक विमान मागून आलं, इतकं खाली की ह्यांनी डोकं खाली घातलं. पैलवान स्टिअरिंगवर होता. ट्रक कडेवरून नदीपात्रात गेला. हे दारातून बाहेर फेकले गेले आणि वाचले. पैलवानावर पिंपं आली. छाती चेपली होती, पण जीव लगेच गेला नाही. ह्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो म्हणत राहिला, "शेठ, माझी चप्पल बघा, नवी आहे."

ह्यांनी एक चप्पल शोधून आणली. तोवर संपलं होतं.

आता मला एवढंच सांग, मंगळवारी भाऊजी कुठे होते?

तुझी जाऊ


२६ मार्च

सौ. जाऊबाईंस नमस्कार.

काका घाईत आहेत, वारा वाढतोय. पैलवानाचं वाचून रडू आलं. पण मंगळवारी हे घरीच होते. सडकून ताप होता, अंथरुणातून उठले नाहीत, मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. या बाजूला दुसरीही विमानं फिरतात.

पैलवानाच्या आईला माझा नमस्कार सांगा.

धाकटी


१ एप्रिल

धाकटे,

ताप होता म्हणतेस. तापाला चाकं असतात का गं? ट्रक क्रेनने वर काढला, तर केबिनच्या टपावर हातभर लांब काळा पट्टा आहे, टायरचं रबर घासलेला. असलं गुबगुबीत चाक या मुलखात एकाच विमानाला आहे, आणि ते मी स्वतः विकत आणलं होतं.

मी तुझ्यावर रागावले नाही. मीही ह्यांच्यासाठी डॉक्टरांपुढे खोटं बोलले. पण आता खोट्याने भागणार नाही. हे जेवत नाहीत. ट्रक दुरुस्त करतायत, पुढे रेल्वेच्या रुळाचा तुकडा वेल्डिंग करून बसवलाय. काल मला शांतपणे म्हणाले, "त्याला जमिनीवर गाठायला हवं. धुरळा दिसला की उडून जाईल, एवढीच अडचण आहे." मी पोलीस चौकीत जाऊन आले. साहेब म्हणाले, विमानाला नंबर होता का, पाहिला का, मग घरात मिटवा.

ऐक. हे दोघे एकमेकांचा जीव घेणार हे मला ढळढळीत दिसतंय. आपण दोघींनी एकाच वेळी हात घातला तरच थांबेल. तू विमानातून असं काही काढ की ते उडणार नाही. मी ट्रकमधून काढते. वर चिंधी बांधायची. माझा नवरा चिंधीला हात लावत नाही, आणि तुझ्या नवऱ्याने सोडली तरी सामानाशिवाय काय उडवणार? राग पंधरा दिवसांत उतरतो, निदान हात तरी थकतात.

करशील ना? तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

तुझी जाऊ


९ एप्रिल

सौ. जाऊबाईंस,

तुम्ही पकडलंत. ताप नव्हता. मंगळवारी सकाळी गेले ते दुपारी आले आणि विमान धूत बसले. चाकाला ट्रकचा निळा रंग लागला होता. पैलवान मेला हे तुमच्या पत्रातून वाचून दाखवलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मग भिंतीवर डोकं आपटलं, पत्रा वाकेपर्यंत. म्हणाले, "मला दादाला घाबरवायचं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आता तो मला सोडणार नाही. आधी मीच गेलं पाहिजे."

म्हणून तुम्ही सांगितलंत ते केलं. दुपारी हे झोपले होते तेव्हा इंजिनाचे आठही प्लग काढले. हे मला ह्यांनीच शिकवलं आहे, बिचाऱ्यांनी. खोलीत सुटे प्लग होते तेही घेतले. पण माझ्याकडे ठेवले तर मी दुसऱ्या दिवशी रडून परत देईन, माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून सगळे या पत्राबरोबर काकांच्या हाती तुमच्याकडे पाठवते. कापडात गुंडाळून मोज्यात भरले आहेत. ह्यांचेच मोजे आहेत, वास आला तर माफ करा.

पंख्याला माझा लाल रुमाल बांधला. हे उठून आले, रुमाल पाहिला, माझ्याकडे पाहिलं. वाटलं आता मारतात. मारलं नाही. फक्त विचारलं, "काय काढलंस?" मी सांगितलं. ते चाकावर बसले आणि म्हणाले, "बरं झालं."

जाऊबाई, हे प्लग म्हणजे ह्यांचा जीव आहे असं समजून ठेवा.

धाकटी


१५ एप्रिल

प्रिय धाकटीस,

पुडकं पोचलं. सुखरूप आहे. ठरल्याप्रमाणे मीही ट्रकमधून काढायचं ते काढलं आणि चिंधी बांधली. ह्यांनी पाहिली आणि तशीच राहू दिली. आता जेवतात, झोपतात. हे पैलवानाच्या आईला भेटून आले. राग उतरतोय असं दिसतं. तू निर्धास्त राहा. भाऊजींनाही सांग, कुठे जायची गरज नाही, घरीच राहा.

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते. उजवा हात बाकड्यावरच्या शिकंज्यात सापडला. माझाच धांदरटपणा.

मामंजींचा कंप्रेसर सुरू केला. छान चालतो.

तुझी जाऊ


१६ एप्रिल

सौ. जाऊबाई,

काका चहा पितायत तोवर लिहिते, कारण आनंद मावत नाही. कंप्रेसर सुरू झाला! म्हणजे मोठ्या भाऊजींनी मामंजींची चिंधी सोडली! हे मी ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग उठून बाहेर गेले आणि तोंड धुऊन आले. डोळे धुऊन आले म्हणा ना. म्हणाले, "दादाने एवढं केलं तर मी जाऊन त्याच्या पाया पडेन. पैलवानाच्या आईच्याही पडेन, ती लाथ मारेल, मारू दे." कुऱ्हाड परत सामानात ठेवली. सध्या एका मोठ्या तंबूची शिलाई उसवलीय ती घालत बसलेत, आणि मला म्हणतात तुझे टाके माझ्या कानावरच्या टाक्यांपेक्षा बरे नाहीत.

तुमच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. पंधरा वर्षं त्या बाकड्याशी काम करताय आणि आता कुठला धांदरटपणा! मन थाऱ्यावर नसेल, दुसरं काय. गरम पाण्याने शेका.

प्लग एवढ्यात पाठवू नका. पुढच्या महिन्यात आपणच सगळे भेटू आणि तुमच्या हातानेच ह्यांना द्या.

तुमची लाडकी (मीच ठरवलं) धाकटी


२२ एप्रिल

जाऊबाई,

सवयीने 'सौ.' लिहायला गेले आणि हात थांबला. आता तुम्ही नाही आणि मीही नाही.

रविवारी दुपारी धुरळा दिसला. ह्यांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "दादा आला." त्यांना आनंद झाला होता, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. मला म्हणाले, भात जास्त टाक. मग पुन्हा दुर्बीण लावली. पुढच्या रुळाच्या तुकड्यावर ऊन चमकत होतं. दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, "प्लग आण." मी म्हटलं, ते जाऊबाईंकडे आहेत. त्यांना हसू आलं. "मग काय करतो," म्हणाले. पळायला माळावर एक झुडूप नाही. त्यांनी मला पिंपांच्या मागे बसवलं आणि कुऱ्हाड घ्यायला गेले.

मोठे भाऊजी आधी माणसाकडे आलेच नाहीत. ट्रक विमानाजवळ लावला, विंचच्या ओढायच्या तारेचा आकडा विमानाच्या शेपटीत अडकवला आणि ट्रक पुढे घेतला. विमान फरफटत गेलं. एक पंख जमिनीत रुतून मोडला. पत्रा किंचाळतो तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ह्यांनाही तो सहन झाला नाही. ते धावत गेले, केबिनच्या दारावर चढले आणि पहिला घाव घातला तो काचेवर. दुसरा भाऊजींच्या खांद्यावर. दोघे खाली पडले. भाऊजींनी शेपटीतला आकडा ओढून काढला. जाऊबाई, तो आकडा केवढा जड असतो हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच तो विकता. त्यांनी तो दोन्ही हातांनी फिरवला. ह्यांच्या शिवलेल्या कानावरच बसला. हे गुडघ्यांवर बसले. तेवढ्यातही ह्यांनी कुऱ्हाड खालून वर मारली आणि ती भाऊजींच्या पोटात गेली. मग भाऊजींनी आकडा पुन्हा घातला. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी मारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी घातला.

मी ओरडत होते की नाही मला आठवत नाही. घसा अजून बसलेला आहे, म्हणजे ओरडत असेन.

सगळं थांबल्यावर मी ह्यांच्यावर तो शिवायला घेतलेला तंबू पांघरला. चेहरा असा नव्हताच, म्हणून ज्या हातात सुई धरत होते तो हात झाकायच्या आधी धरून बसले. ट्रक अजून सुरूच होता, घरघरत. मी जाऊन बंद केला. किल्ली तिथेच राहू दिली. काही काढलं नाही, कशाला हात लावला नाही. विमानाच्या पंख्याला बांधलेला माझा लाल रुमाल सोडून आणला आणि ट्रकच्या स्टिअरिंगला बांधला. खाली उतरून बाजूला बसले.

भाऊजी पोट धरून सरपटत आले. पायरीला धरून उभे राहिले, आत पाहिलं. विचारलं, "काय काढलंस?"

म्हटलं, "काही नाही. किल्ली समोर आहे."

"मग सोड ती."

"तुम्ही सोडा."

त्यांनी हात वर नेला. गाठीपर्यंत नेला, जाऊबाई, मी बघत होते. बोटं गाठीला लागायची बाकी होती. आणि मागे घेतला. म्हणाले, "पोरी, असं करू नकोस. मला सोडता येत नाही." मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला येत होती. म्हणून मारलंत ना त्याला?" ते चाकाला टेकून बसले. पाणी मागितलं, ते मी दिलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. मी राक्षसीण नाही. दोनदा मीच उठून गाठीवर हात ठेवलासुद्धा. मग तंबूकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. त्यांनी पुन्हा 'सोड' म्हटलं नाही. सकाळी पाणी घेऊन गेले तर पाणी ओठांवरून ओघळून गेलं.

ट्रक तसाच उभा आहे. कुणीही बसून किल्ली फिरवली तर चालू होईल.

काका उद्या येतील, त्यांच्याजवळ हे देईन. तुम्हाला एकच विचारायचं आहे. विमान उडणार नाही हे ह्यांच्याशिवाय जगात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. मग त्यांना कुणी सांगितलं?

धाकटी


२४ एप्रिल

धाकटे,

मीच सांगितलं. आता कसं ते ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझं पुडकं आलं तेव्हा हे दुकानात बसले होते. मोजा पाहून म्हणाले, हे काय. मी म्हटलं, धाकटीने शिवायला पाठवलंय. त्यांनी हातात तोललं. लोखंडात जन्म गेलेला माणूस, वजनावरून कळलं. प्लग बाकड्यावर ओतले, रांगेत मांडले. मग पत्र मागितलं. मी धावत जाऊन ते चुलीत टाकलं, तर ह्यांनी केस धरून मागे ओढलं. माझा उजवा हात शिकंज्यात ठेवला आणि दांडा फिरवायला लागले. दर आट्याला एकच प्रश्न, "सगळे आहेत? सुटे पण?" करंगळी गेली तोवर मी गप्प होते. मधल्या बोटाला बोलले. तुला वाटेल मी आणखी एक बोट थांबायला हवं होतं. मलाही वाटतं. रोज वाटतं.

मी ट्रकला बांधलेली चिंधी त्यांनी पाहिली. काय काढलंय ते कळलं, कुठे ठेवलंय तेही कळलं. पण चिंधी सोडली नाही. मला ओढत नेलं आणि म्हणाले, "तू बांधलीस, तूच सोड." त्या हाताने, धाकटे. एक हात मोडलेला, दुसऱ्या एकट्याने गाठ सुटेना, मी ती दातांनी सोडली. ते शेजारी उभे होते, मदतीला एक बोट लावलं नाही. बायकोची बोटं मोडायला हरकत नव्हती, बापाचा नियम मोडायला होती. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. म्हणून तू लिहिलंस ते मला जराही खोटं वाटलं नाही.

मग समोर बसून ते 'निर्धास्त राहा'चं पत्र लिहून घेतलं. डाव्या हाताचं माझं अक्षर त्यांना लागेना, तेव्हा म्हणाले वाचून दाखव. मी वाचलं, शेवटची ओळ गाळून. पोरी, कंप्रेसरची ओळ! मला दुसरं काय सुचणार होतं? मला वाटलं, या घरातली सून आहे, तो कंप्रेसर हे मेले तरी सुरू करणार नाहीत हे तिला ठाऊक आहे. वाचून दचकेल, ओरडेल, नवऱ्याला घेऊन काकांच्या विमानात बसेल. आणि तू जास्तीचा भात टाकलास.

तुला दोष देत नाही. देते, थोडा देते. रात्रंदिवस देते आणि मग स्वतःच्या हाताकडे बघते.

निघताना मला गोदामात कोंडून गेले. आत तंबू, दोर, कंदील, होकायंत्रं, जगाच्या टोकाला जायचं सगळं सामान होतं, दाराची किल्ली तेवढी नव्हती. डाव्या हाताने पत्रा कापून बाहेर आले तेव्हा दुकानाच्या फळीखाली तुझं आनंदाचं पत्र पडलेलं होतं. ते उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच बसले. चौकीत धावले तर साहेब म्हणाले, घरगुती भानगड आहे, गुरुवारी टपालवाला काय सांगतो बघू.

ह्यांच्यासाठी रडले का, असं मनात येईल तुझ्या. रडले. मला हसवणारा माणूस होता तो, मामंजी जायच्या आधी. भाऊजींसाठीही रडले. तुझा नवरा माझ्या तोंडाने मेला आणि माझा तुझ्या रुमालाने. हे आपण दोघी मरेपर्यंत एकमेकींकडे पाहून आठवणार आहोत, त्याला इलाज नाही.

आज सकाळी कंप्रेसरजवळ गेले. मामंजींची चिंधी बोटांनी सुटणं शक्यच नव्हतं, म्हणून कात्रीने कापणार होते. जवळून पाहिलं तर गाठच नव्हती. नुसती अडकवलेली होती. हातात आली तर ग्रीसने कडक झालेली. हात पुसायचं फडकं होतं ते. म्हाताऱ्याने हात पुसून सवयीने स्विचवर टाकलं असेल आणि जेवायला गेला असेल. मी स्विच दाबला. कंप्रेसर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

विमानावरचं काय होतं ते आता कुणाला विचारणार?

हे पत्र घेऊन काका उद्या खास फेरी करतायत. विमानात चौकीतली माणसं बसणार, मला जागा नाही. मी मागून जीपने निघते आहे. ते विचारतील ते त्यांना सांग, खरं सांग नाहीतर सांगू नकोस, पण कुणाला ट्रकला हात लावू देऊ नकोस. प्लग मी घेऊन येते. उपयोग काही नाही, पण तू जपून ठेवायला दिले होतेस.

स्टिअरिंगवरचा रुमाल तसाच राहू दे. मी तो कापणार नाही आणि सोडणारही नाही. तू बांधलास, तूच सोडायचास, आणि तू सोडेपर्यंत मी शेजारी उभी राहीन. मग ह्या दोघांना आपण त्याच ट्रकमधून खाली आणू. धुरळा दिसला की चहा टाक, नाहीतर पाना घेऊन बस. मी दोन्हीला तयार आहे.

तुझी जाऊ